एस. माधवरावांच्या खुर्च्या
चेन्नईतल्या मैलापूरच्या एका संगीत सभेने यंदा डिसेंबरच्या कचेऱ्यांची, म्हणजे गाण्याच्या मैफलींची, नोंदणी वेबसाइटवर नेली आणि माधवरावांच्या डोक्याला ताप झाला. नाव टाइप केलं की पडदा सांगे, या नावाचा सभासद नाही.

वेबसाइट शोळिंगनल्लूरच्या छोट्या कंपनीतल्या ऋचाने केली होती. साताऱ्याची मुलगी, स्वतःच्या कामावर भारी विश्वास. नावाच्या मागेपुढे चुकून पडलेल्या मोकळ्या जागा तिचा प्रोग्राम झाडून काढायचा, आणखी काय हवं? "काका, नीट बघून टाइप करा," असं तिने फोनवर वरचेवर ऐकवलं. तेही रेल्वेत टायपिस्ट म्हणून जन्म घालवलेल्या माणसाला!

आज शेवटचा दिवस. संध्याकाळपर्यंत नोंद झाली नाही तर डाव्या कडेच्या त्यांच्या दोन खुर्च्या दुसऱ्याला जाणार होत्या. माधवरावांच्या पत्नीला, राजसबाईंना, फक्त उजव्या कानाने ऐकू येई. तिथे बसलं की मंच उजव्या हाताला येई, तरच गाणं कानी पडे. सभेच्या चिटणीसांनी तक्रार केली, तेव्हा कंपनीच्या साहेबांनी ऋचाला माधवरावांच्या घरी पिटाळलं.

माधवराव एका बोटाने, कळ शोधत टाइप करत होते. "वय झालं, अम्मा. बोटांवर भरवसा राहिला नाही."

ऋचाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काका, पूर्वी करायचात तसं करा. न बघता."

बोटं सरसर चालली. एस, टिंब, आणि अंगठा स्पेसबारवर दोनदा. टिंबानंतर दोनदा अंगठा मारायचा, हे टाइपरायटिंग इन्स्टिट्यूटमध्ये गिरवून घेतलेलं. ते हातात मुरलं होतं, एका बोटाने टाइप करतानाही सुटत नव्हतं. ऋचाच्या गावी लोक स्वतःचं, वडिलांचं, मग आडनाव असं भरभक्कम लिहितात. इथल्यासारखं नावाआधी वडिलांच्या नावाचं नुसतं अक्षर आणि टिंब तिच्या ध्यानीमनीच नव्हतं, मग नावाच्या पोटातली मोकळी जागा कोण तपासतो! त्यात ब्राउझर लागोपाठच्या दोन जागांची एकच करून दाखवतो. त्यामुळे नकाराच्या निरोपात नाव बिनचूक दिसे.

तिने ऑफिसातल्या सहकाऱ्याला, क्षितिजला, फोन करून एक ओळ बदलायला लावली: मधल्या कितीही जागा असोत, एकच धर. माधवरावांनी पुन्हा टाइप केलं. नोंद झाली.

"काका, चूक माझी होती. तुमच्या बोटांची नाही."

माधवराव मग उठले, राजसबाईंच्या उजव्या कानाशी वाकले आणि ओरडले, "ऐकलंस? माझी चूक नव्हती!"

"ते मी रोजच सांगत होते," राजसबाई म्हणाल्या. "खुर्च्या मिळाल्या का, ते सांगा."