तुलनेच्या गटातला माणूस

शर्टांच्या कारखान्यात कापड कापणारं यंत्र आलं आणि कटिंगच्या टेबलांवरची सगळी माणसं घरी बसली. मास्तर आणि दाजी त्यांतलेच. दाजी कापडाचे थर अंथरायचे, मास्तर वरून खडूने आखून कापायचे. खालच्या थरात एक सुरकुती राहिली की डझनभर शर्ट वाया जात. चूक अंथरणाऱ्याची की कापणाऱ्याची, हे ठरवण्यात कधी अर्थ नव्हता. म्हणून सव्वीस वर्षं दोघांनी मजुरी सरळ निम्मी-निम्मी वाटून घेतली. दाजी मास्तरांच्या थोरल्या बहिणीचे यजमान, पण ही वाटणी नात्याची नव्हती, टेबलाची होती.

मग सरकारने प्रयोग काढला. यंत्रामुळे काम गेलेल्यांपैकी काहींना दोन वर्षं दरमहा ठरावीक रक्कम, कसलीही अट नाही. सोडत निघाली. दाजींना रक्कम लागली. मास्तर पडले 'तुलनेच्या गटात'. म्हणजे मिळायचं काही नाही, फक्त दर महिन्याला उत्तरं द्यायची, पैसे न मिळालेला माणूस कसा राहतो याची.

"मला उपाशी ठेवून माझ्या भुकेची मोजणी," मास्तर म्हणाले.

"फुगू नकोस," दाजी म्हणाले. पहिली रक्कम आली तसे ते खालच्या मजल्यावरच्या आपल्या घरातून जिना चढून वर आले होते. निम्मे पैसे त्यांनी मास्तरांच्या ताटाशेजारी ठेवले. "टेबल गेलं म्हणून वाटणी जाते का?"

मास्तरांनी घेतले. आणि महिनाअखेरीला फॉर्ममध्ये 'नातेवाइकांकडून मदत मिळाली का' या प्रश्नापुढे रक्कम जशीच्या तशी लिहिली. आयुष्यभर आखल्याप्रमाणेच कापड कापत आलेल्या माणसाला दुसरं काही सुचलंच नाही.

चौथ्या महिन्यात पाहणीवाली बाई अवघडून दारात उभी राहिली. दाजीही वरच बसले होते.

"काका, तुम्ही हे लिहायला नको होतं."

"खरं आहे ते."

"म्हणून तर. तुम्हाला पैसे मिळत असतील तर तुलना कशाशी करायची? वरून पत्र आलंय. हे थांबलं नाही तर दोघांनाही वगळतील. थांबवणार असाल तर या कागदावर तुमची सही हवी."

"रकमेला अट नाही असं तुम्हीच सांगितलंत ना?" दाजींनी विचारलं.

"तुम्हाला नाही. तुम्ही काहीही करा. फक्त यांना देऊ नका."

"म्हणजे दारू पिऊन उडवले तर चालतील?"

"चालतील," बाई खाली बघत म्हणाली. "त्याचा रकाना आहे."

दाजी उठले. "वगळा मग. दोघांनाही."

मास्तरांच्या डोळ्यांसमोर बहीण आली. दोन वर्षं लांबवलेलं डोळ्यांचं ऑपरेशन तिने या पैशांच्या भरवशावर पुढच्या महिन्यात ठरवलं होतं. दाजींचा निम्मा हिस्सासुद्धा गेला तर ते पुन्हा लांबणार होतं.

"बाई, द्या तो कागद," मास्तर म्हणाले. "यापुढे मी काही घेणार नाही."

"मास्तर, सही करू नकोस."

"दाजी, तुम्ही गप्प बसा हो जरा."

सव्वीस वर्षांत मास्तर त्यांना असं बोलले नव्हते. त्यांनी सही केली. दाजी चप्पल पायात न घालता हातात घेऊन जिना उतरले.

महिनाभर त्यांचं दार मास्तरांसाठी उघडलं नाही. बहिणीचं ऑपरेशन झालं. मास्तरांना ते दूधवाल्याकडून कळलं. एकदा जिन्यात समोरासमोर आले, तर दाजी भिंतीकडे बघत म्हणाले, "परक्याला वाट द्यावी," आणि कडेला झाले. मास्तरांना चीड आली ती नेमकी कुणाची, हेच कळेना. यंत्राला शिव्या द्याव्यात तर ते कारखान्यात, सरकारला द्याव्यात तर ते पत्रात. समोर यायची ती फक्त ही पाहणीवाली पोरगी, आणि तिचीही नोकरी वर्षभराचीच.

ती पुन्हा आली तेव्हा फॉर्ममध्ये नवा प्रश्न होता. 'नातेवाइकांशी संबंध : सुधारले, तसेच, बिघडले.'

मास्तरांनी 'बिघडले'वर खूण केली.

"कारण लिहायचंय, काका. एका ओळीत."

"तुमच्यासमोरच घडलं की."

"हो. पण प्रयोगामुळे असं मला लिहिता येत नाही. तुम्हाला पैसे मिळत नाहीत ना, मग प्रयोगाचा तुमच्यावर परिणाम होऊच शकत नाही."

"मग कोरं ठेवा."

"कोरं मशीन घेत नाही."

खालच्या मजल्यावर दाजींनी दार लोटल्याचा आवाज आला. बाईने पेन दोनदा उघडून मिटलं आणि मग बारीक अक्षरांत लिहिलं : 'घरगुती कारण'.

"चालेल?"

मास्तरांनी खाली सही केली, नेहमीसारखी, रेघेला धरून.