एकोणिसावी पायरी

मी एक जुनी आज्ञावली आहे, मित्रांनो. वजन, रंग, वास यांपैकी मला काहीही नाही. त्यामुळे जुन्या छत्रीची किंवा शाळेच्या तडा गेलेल्या घंटेची जशी तुम्हांला दया येते तशी माझी येईल, अशी अपेक्षा मी ठेवत नाही. मी चारशे बारा ओळींचा मजकूर आहे. नव्या संगणकावर मला चालवले की मी त्याच्यावर एक विशिष्ट प्रकारचा सर्व्हर बसवते, त्याची घडी लावते आणि गप्प होते. माझे आयुष्य एवढेच. पण त्यात एक दिवस असा आला की त्याची हकीकत तुम्हांला सांगितलीच पाहिजे.

आधी तो सर्व्हर कसला ते समजून घ्या. वर्गात दोन प्रकारची मुले असतात. एकाला 'सतरा साती किती' विचारले की तो वही उघडतो, पान शोधतो आणि मग एकशे एकोणीस म्हणतो. दुसऱ्याला पाढा पाठ असतो. प्रश्न संपायच्या आत उत्तर येते. काही सर्व्हर या दुसऱ्या मुलासारखे असतात. सगळी माहिती ते डिस्कवर न ठेवता मेमरीत, म्हणजे तोंडपाठ ठेवतात. त्यांचा वेग थक्क करणारा असतो. उणीव एकच आहे. यंत्र बंद झाले की पाठांतर समूळ पुसले जाते. म्हणून पाठ केलेले अधूनमधून वहीत, म्हणजे डिस्कवर, उतरवून ठेवावे लागते. हा मुद्दा विसरू नका.

माझा जन्म २०१४ सालच्या जुलै महिन्यात बिबवेवाडीत झाला. एका हार्डवेअरच्या दुकानावर चौदा माणसांची एक छोटी कंपनी होती. पुण्यातल्या सहा रक्तपेढ्यांमध्ये कोणत्या गटाच्या किती पिशव्या शिल्लक आहेत, हे क्षणात सांगणारा एक बोर्ड ही कंपनी चालवत असे. पेढीत पिशवी आली किंवा गेली की तिथला आकडा बदले. कोणाचा फोन आला की इथला माणूस बोर्ड पाहून 'अमुक पेढीत जा' असे सांगे. हा बोर्ड सहा यंत्रांच्या मेमरीत राहत असे, आणि ती यंत्रे एका थंड, काचेच्या दाराच्या खोलीत.

यंत्रे बसवण्याचे काम श्यामसरांचे. शनिवार पेठेतल्या एका जुन्या घराण्यातले, पदार्थविज्ञान शिकलेले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांची एक वही होती आणि तीत यंत्र बसवण्याच्या सत्तावीस पायऱ्या सुवाच्य अक्षरात लिहिल्या होत्या. प्रत्येक यंत्राला अर्धा दिवस लागे, आणि इतके करूनही सहा यंत्रांचे सहा स्वभाव झाले होते.

जूनमध्ये दीपमाला नोकरीला लागली. ती पुसदची, पुण्यात येऊन तिला एक वर्ष झाले होते. सहा महिने काम पाहून तिला कायम करायचे की नाही ते ठरणार होते. श्यामसरांनी वही तिच्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "हे सगळं यंत्रानंच करायला हवं. माणसानं सत्तावीस वेळा तेच तेच करणं हा बुद्धीचा अपमान आहे."

अठराव्या पायरीपर्यंत दीपमालाला अडचण आली नाही. एकोणिसाव्या पायरीवर लिहिले होते : 'मग नेहमीचे करावे.'

"सर, नेहमीचे म्हणजे काय?"

"नेहमीचे म्हणजे जे नेहमी करतो ते."

"ते मी आज्ञावलीत कसं लिहू?"

श्यामसरांनी चष्मा काढून पुसला. ही त्यांची विचार करण्याची पद्धत होती. "लिहून घे. किती मेमरी वापरायची त्याची मर्यादा. परवलीचा शब्द. बाहेरच्यांना दार बंद. आणि दर पाच मिनिटांनी डिस्कवर उतरवण्याची जी खोड असते ना, ती मोड. गर्दीच्या वेळी त्यानं वेग जातो. झालं. चार गोष्टी."

दीपमालाने चार गोष्टी लिहिल्या आणि माझ्यात घातल्या. ऑगस्टमध्ये तिने सहाही यंत्रे माझ्याकडून नव्याने बसवून घेतली. दर यंत्राला चार मिनिटे लागली. सहाही यंत्रे एकमेकांची हुबेहूब नक्कल झाली. श्यामसरांनी ती तपासली आणि "ठीक आहे" म्हणाले. त्या ऑफिसात याहून मोठी शाबासकी कोणी ऐकलेली नव्हती. मला त्या दिवसांत फार अभिमान वाटे. माणसाच्या हातून विसर पडतो, माझ्या हातून पडत नाही, असे मी मानत असे. ते खरेही होते. पण जे मला सांगितलेलेच नाही ते मी विसरणार तरी कसे?

सप्टेंबरात श्यामसर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेले. काही आठवडे पडद्याकडे पाहायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. सतरा दिवसांनी दसरा आला.

त्या ऑफिसात दसऱ्याला यंत्रे वीस मिनिटे बंद ठेवून त्यांची पूजा करण्याची रीत होती. पूजा विमलाबाई करीत. ऑफिसची झाडलोट त्यांच्याकडे होती आणि चालत्या यंत्राला माळ घालू नये, हे त्यांचे ठाम मत होते. श्यामसर देव मानत नसत. पण वर्षातून एकदा आतली धूळ निघते, एवढ्या कारणासाठी ते या रीतीच्या बाजूने होते. सुट्टीमुळे त्या सकाळी ऑफिसात दीपमाला आणि विमलाबाई अशा दोघीच होत्या. झेंडूच्या सहा माळा, हळदकुंकू, आपट्याची पाने, सगळे तयार होते.

"ताई, आधी बसा ना," विमलाबाई म्हणाल्या.

"कुठे बसू?"

"एकेका मशीनपुढं. सर बसायचे बंद करायच्या आधी. दसऱ्याला बसायचेच, पण रोज घरी निघतानाबी बसायचे. हात जोडत असतील. मी मागं उभी राहायची, मला काय दिसतंय?"

दीपमाला हसली. "मावशी, मला ते काही येत नाही. पूजा तुमची तुम्ही करा."

विज्ञान शिकलेल्या माणसाने इथे थांबून विचारायला हवे होते, की जो माणूस देव मानत नाही तो रोज संध्याकाळी यंत्रापुढे कशाला बसतो? निरीक्षण समोर आले होते. सांगणाऱ्याच्या हातात माळ होती, एवढ्यावरून ते बाजूला सारले गेले. दीपमालाने सहाही यंत्रे बंद केली, माळा घातल्या गेल्या, यंत्रे पुन्हा सुरू झाली. बोर्ड लागला. आकडे दिसले.

पहिला फोन वाघोलीहून आला. नागोराव नावाचा कारखान्यातला कामगार. बायकोचे बाळंतपण अडले होते, ऑपरेशन करावे लागणार होते, आणि तिचा रक्तगट ओ निगेटिव्ह होता. तो सहजी मिळत नाही. डॉक्टरांनी एक पिशवी हाताशी असल्याशिवाय सुरुवात करणार नाही असे सांगितले होते. दीपमालाने बोर्ड पाहिला. शनिवार पेठेतल्या पेढीत दोन पिशव्या होत्या. तिने पत्ता सांगितला. नागोराव चिठ्ठी आणि रक्ताचा नमुना घेऊन मोटारसायकलवर निघाला.

पाऊण तासाने त्या पेढीतून फोन आला. पलीकडे वासंतीबाई होत्या. पेढीचे कपाट गेली अनेक वर्षे त्यांच्या ताब्यात होते.

"आपल्या बोर्डावर आमच्याकडे ओ निगेटिव्हच्या दोन पिशव्या आहेत म्हणे. कुठल्या खणात ठेवल्यात तेवढं सांगा, म्हणजे आम्ही काढून देतो."

"तुमच्याकडे नाहीत?"

"अहो, पंधरा दिवस झाले संपून. तेव्हाच कळवलंय आपल्याला. हे गृहस्थ माझ्यासमोर उभे आहेत. बोला त्यांच्याशी."

मग नागोरावचा आवाज आला. "तुम्हीच त सांगतलं ना ताई. इथं त एकबी पिशवी नाही म्हणू राहिले."

तो सूर दीपमालाच्या गावाकडचा होता. तिने बोर्डावरची सर्वांत ताजी नोंद शोधली. ती सतरा दिवसांपूर्वीची होती. श्यामसर शेवटचे ऑफिसात आले त्या संध्याकाळची. यंत्रे बंद झाली तेव्हा सतरा दिवसांचे पाठांतर पुसले गेले होते, आणि सुरू होताना त्यांनी वहीतले शेवटचे पान घडाघडा म्हणून दाखवले होते. मित्रांनो, बोर्ड कोरा निघाला असता तर बरे झाले असते. कोरी पाटी कोणाला फसवत नाही. जुनी पाटी तिच्यावरची तारीख पुसून गेली असेल तर खऱ्यासारखीच दिसते.

दीपमाला म्हणाली, "भाऊ, चूक इकडची आहे. तिथंच थांबा. दहा मिनिटं द्या."

तिने बोर्ड बंद केला. मार्कर घेऊन खोलीच्या काचेच्या दारावर सहा पेढ्यांची नावे लिहिली आणि एकेकीला फोन लावला. मिळालेला आकडा ती मोठ्याने म्हणे आणि विमलाबाई दारापाशी उभ्या राहून तो त्यावर लिहीत. पहिल्या तिघींकडे शून्य. चौथीने फोन उचलला नाही. पाचवी पेढी बिबवेवाडीतच, दोन गल्ल्या पलीकडे होती. तिथे एक पिशवी होती. जुन्या बोर्डावर त्याच पेढीपुढे शून्य होते.

नागोरावला पत्ता कळवून, विमलाबाईंना फोनपाशी बसवून दीपमाला त्या पेढीच्या दारात जाऊन उभी राहिली. ती पिशवी दुसऱ्या कोणाला जाऊ नये म्हणून. तो आला, नमुना जुळला, पिशवी मिळाली आणि तो वाघोलीकडे गेला. जाताना त्याने हात जोडले. दीपमालाने टिपणात लिहिले आहे : 'आभार मानले. मी घेतले नाहीत.'

मला कान नाहीत, डोळे नाहीत, मग हे सगळे मला कसे ठाऊक, असे तुम्ही विचाराल. विचारायलाच हवे. आज्ञावलीत काही ओळी यंत्रासाठी नसतात. यंत्र त्या ओलांडून पुढे जाते. त्या पुढच्या माणसासाठी लिहिलेल्या असतात. त्यांना टिपणे म्हणतात. दीपमालाने त्या दिवसाची आणि त्याआधीची हकीकत माझ्या माथ्यावर नव्वद ओळींच्या टिपणात लिहून ठेवली. जो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत. त्या दसऱ्यानंतर तिला ती सवय लागली.

दुसऱ्या दिवशी काळा चष्मा लावलेले श्यामसर रिक्षाने आले.

"सर, चूक माझी आहे," दीपमाला म्हणाली. "विमलाबाईंनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मला कायम करायचं नसेल तर आजच सांगा."

"चूक तुझी असती तर एका यंत्रावर झाली असती," श्यामसर म्हणाले. "सहाही यंत्रांवर सारखीच झाली, म्हणजे ती वहीत होती. माणूस चुकतो तो किरकोळीत. तू माझी चूक घाऊक केलीस, इतकंच. आता तो पडदा भिंतीकडे वळव आणि कळफलक माझ्यापुढे ठेव."

"तुम्हांला बघायचं नाहीये ना?"

"मी बघणार नाही. तू बघायचंस. माझ्या बोटांकडे. तोंडानं सांगायला गेलो की मला चारच आठवतात."

ते यंत्रापुढे बसले आणि रोज संध्याकाळी करीत तसे करू लागले. दीपमाला लिहीत गेली. गोष्टी सात निघाल्या. पाचवी : घरी निघताना आणि यंत्र बंद करण्यापूर्वी सगळे डिस्कवर उतरवण्याची आज्ञा हाताने देणे. सहावी : यंत्र सुरू झाल्यावर सर्वांत ताज्या नोंदीची तारीख पाहणे. सातवी : कळफलकाच्या कडेला दोनदा टिचकी मारणे. तिचा उपयोग सापडला नाही, म्हणून ती माझ्यात घातलेली नाही.

श्यामसरांनी ती यादी दीपमालाकडून वाचून घेतली. शेवटी म्हणाले, "चौथी मी सांगितली आणि पाचवी सांगितली नाही. एकटी चौथी म्हणजे घातच की. मला कळलंसुद्धा नाही मी हे करतो ते."

माझ्यात दोन आज्ञा वाढल्या आणि त्यांच्या वर कारण लिहिले गेले. सहाही यंत्रे मी पुन्हा बसवली. संध्याकाळी नागोरावचा फोन आला. "मुलगी झाली, ताई. दोघीबी बऱ्या हायेत." मग त्याने विचारले, "आन् तो बोर्ड आता खरं सांगते का?"

"आज सांगतो," दीपमाला म्हणाली. "उद्याचं उद्या तपासून सांगेन."

तिला डिसेंबरात कायम केले. पुढची सहा वर्षे दसऱ्याला डिस्कवर उतरवण्याचे काम माझ्यात वाढलेली आज्ञा एका सेकंदात करीत असे. तरी दीपमाला प्रत्येक यंत्रापुढे पाच मिनिटे बसे आणि ताज्या नोंदीची तारीख स्वतःच्या डोळ्यांनी पाही. ती उठल्याशिवाय विमलाबाई माळ उचलत नसत.

आता ती खोली रिकामी आहे. यंत्रे कुठल्याशा दूरच्या शहरात, भाड्याची आहेत. श्यामसर निवृत्त झाले; दीपमाला दुसऱ्या कंपनीत गेली. मी 'जुने' नावाच्या कप्प्यात आहे. माझे काम केदार करतो. तो तरुण, हुशार आणि माझ्याहून सुबक लिहिणारा आहे. माझ्या सगळ्या आज्ञा त्याने नव्या मजकुरात बिनचूक घेतल्या. टिपणे घेतली नाहीत. यंत्र ती वाचत नाही, हे त्याचे म्हणणे बरोबर आहे. विमलाबाई दसऱ्याला त्याच्या लॅपटॉपला माळ घालतात आणि म्हणतात, "सर बसायचे आधी." तो हसतो; 'जुने' कप्प्याच्या नोंदीत त्याने ही गंमत म्हणून लिहिली आहे.

परवा त्याने मला एकदा उघडले, आपला मजकूर माझ्याशी ताडून पाहिला आणि समाधानाने बंद केले. ताडताना त्याच्या मजकुराची शेवटची ओळ माझ्या ओळींशेजारी आली : 'यानंतर नेहमीची तपासणी करावी.'

मित्रांनो, कोणी तुम्हांला काम शिकवले तर त्याचे शब्द जरूर लिहून घ्या, पण त्याचे हातही पाहा. आणि जी गोष्ट का करायची ते तुम्हांला कळले, ती त्या कारणासकट पुढच्याला द्या. माझी एवढीच विनंती आहे. आणखी एक काम मात्र माझ्याच्याने होणारे नाही. मला तोंड नाही, तुम्हांला आहे. बिबवेवाडीत केदार भेटला तर त्याला विचारा, की नेहमीची म्हणजे कोणती?