सांगून ठेवलेला प्रश्न

"अंजिरांचा हंगामच नव्हता, तर मग त्या झाडाचं काय चुकलं?"

हा प्रश्न चर्चच्या पाळकसाहेबांना विचारायचा, तोही सगळ्यांसमोर, उभं राहून आणि आवाज न चोरता. ओवीनं आणि बुद्धप्रियानं शालोमी पाटोळेला ही पैज घातली ती शाळेच्या मधल्या सुट्टीत, नळाजवळच्या कट्ट्यावर, शेंगाचटणीचा शेवटचा घास अजून तोंडात असताना.

त्याचं असं झालं. नववी ब मध्ये ख्रिस्ती मुलगी एकच, शालोमी. त्यामुळे त्या बाबतीतले जगातले सगळे प्रश्न तिच्याच बाकावर येऊन पडायचे. "तुमच्यात नाताळला करंज्या करतात का गं?" "येशू गेला तो दिवस, मग त्याला गुड का म्हणायचं?" "प्रलयाच्या वेळी नोहानं तारवात डास पण घेतले होते का? घेतले असतील तर का घेतले?" आठवीपर्यंत असं काही विचारलं की शालोमी मान खाली घालून डबा आवरायला लागायची. यंदा मात्र वक्तृत्व स्पर्धेत तिला बक्षीस मिळालं आणि तिची जीभ जी सुटली ती सुटलीच. विचारायचा अवकाश, उत्तर तयार. माहीत असलेलं तर ती सांगायचीच, पण माहीत नसलेलंही त्याच ठसक्यात सांगायची. डास नोहानं घेतले नव्हते, ते आपले आपण तारवावर बसून आले, बिनतिकिटाचे, हे तिनं इतक्या ठामपणे सांगितलं होतं की वर्गात अजून तेच खरं मानतात.

हा गुण घरचाच. तिचे बाबा सुमंत पाटोळे महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात कारकून. रस्त्यानं निघाले की दोन्ही बाजूंच्या दारांतून एकच हाक, "पाटोळेसाहेब, पाणी कधी?" आणि पाटोळेसाहेब चालता चालता सांगणार, "उद्या पहाटे." पाणी यायचं तेव्हा यायचं. पण 'मला माहीत नाही' असं म्हणताना सोलापुरात त्यांना कुणी ऐकलं नव्हतं.

अंजिराचं प्रकरण मात्र शालोमीला जड गेलं. ओवीच्या काकांची मोहोळजवळ डाळिंबाची बाग, बांधावर अंजिराची झाडं. शालोमीनंच हौसेनं दिलेलं बायबलमधलं मार्काचं शुभवर्तमान ओवी वाचत होती आणि तिथं येऊन अडली. येशूला भूक लागली, लांबून पानांनी भरलेलं अंजिराचं झाड दिसलं, जवळ जाऊन बघतो तर फळ नाही, कारण हंगाम नव्हता. तरी त्यानं झाडाला शाप दिला आणि झाड वाळून गेलं.

"ते झाड जंगली होतं," शालोमीनं ठोकून दिलं.

"असं कुठं लिहिलंय?"

"लिहिलेलं नसलं तरी असतं की."

"हे बघ शालू," ओवी म्हणाली, "बिनहंगामी डाळिंब मागायला कुणी आलं तर माझा काका त्याला पाणी पाजून परत पाठवतो. झाडाला शिव्या नाही देत. झाड काय करणार बिचारं?"

आता बुद्धप्रियानं तोंड उघडलं. ती बोलायची कमी, पण बोलली की खिळा ठोकल्यासारखं. "तुला माहीत नाहीये," ती म्हणाली. "कबूल कर."

"मला माहिताय!"

"मग तुमच्या पाळकांना विचार, सगळ्यांसमोर. विचारलंस तर आम्ही दोघी तुझ्या त्या कार्यक्रमाला येऊ. चांगले कपडे घालून."

तो कार्यक्रम म्हणजे दृढीकरण. शालोमी तान्ही असताना आईबाबांनी तिच्या वतीनं बाप्तिस्म्याच्या वेळी जो शब्द दिला होता, तो आता तिनं स्वतःच्या तोंडानं पक्का करायचा होता. त्यानंतर मोठ्यांच्या बरोबरीनं प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत वाटली जाणारी भाकर आणि द्राक्षारस. आजवर भाकरीचं ताट त्यांच्या बाकापाशी आलं की आई ते तिच्या डोक्यावरून अलगद पुढं द्यायची, आणि शालोमीला प्रत्येक वेळी आपण एकदम बालवाडीत गेल्यासारखं वाटायचं. या ईस्टरला ते ताट तिच्यापुढं थांबणार होतं. पांढरा ड्रेस शिवून आला होता, मिरजेहून आत्या येणार होती. शालोमीला गेल्या कित्येक वर्षांत दुसरं काही एवढं हवंसं वाटलं नव्हतं.

दृढीकरणाचे वर्ग चर्चच्या ओसरीवर भरायचे. त्या शनिवारी तिथं शालोमी उभी राहिली आणि तिनं एका दमात प्रश्न विचारून टाकला. शेजारी बसलेल्या एस्तेरनं भीतीनं तिच्या ओढणीचं टोक धरलं. एस्तेरचं घर माळशिरसहून नुकतंच शहरात आलेलं, आणि ती स्वतःचं नाव सांगतानाही इकडंतिकडं बघायची.

पाळक शिरसाठसाहेब तरुण होते, नव्यानंच बदलून आलेले. "पानं म्हणजे दिखावा," ते म्हणाले. "बाहेरून हिरवंगार आणि आत काही नाही. येशूला राग होता तो ढोंगाचा."

"ते कळलं. पण हंगाम नव्हता हेही मार्कच सांगतो की. दिखावा झाडानं केला असेल, पण हंगाम काय झाडाच्या हातात असतो का?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "खरं सांगू? त्या ओळीचं नीट उत्तर मला माहीत नाही. शिकलेल्या लोकांनी पुष्कळ लिहिलंय, थोडं पटलं, थोडं नाही. त्या ओळीपाशी आलो की मी जरा थांबतो."

"आणि थांबून?"

"थांबून पुढं जातो. माझा विश्वास काही त्या एका ओळीवर टांगलेला नाही. तुला कळलं तर मला सांग."

शालोमी खाली बसली ती थोडी घसरलीच. एक मोठा माणूस, तोही पाळक, सरळ 'माहीत नाही' म्हणाला! तिला वाटलं, आता छप्पर तरी पडेल. पण वर कबुतरं घुमत होती ती तशीच घुमत राहिली, आणि साहेब शांतपणे पुढचा धडा शिकवायला लागले.

सोमवारी कट्ट्यावर तिनं हे सांगितलं तेव्हा ओवीनं हात उंचावले. "जिंकलो!"

"थांब गं," बुद्धप्रिया म्हणाली. "खरंच म्हणाले? पोरांसमोर?"

"अगदी."

"मग बरे आहेत की. जाऊ आपण."

आता दृढीकरणाआधी एक परीक्षा असायची. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, उपासना संपली की सगळे उमेदवार पुढं उभे राहणार. मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्यानं उठून प्रत्येकाला एकेक प्रश्न विचारायचा आणि मग चर्चच्या पंचांनी ठरवायचं, कोण तयार आणि कोण नाही. ऐकायला मोठं कठीण. पण शालोमीला त्यातली खरी गंमत कळली ती त्या आठवड्यात, बाबांचा फोन कानावर पडला तेव्हा.

"तात्याबा, जय ख्रिस्त. सुमंत बोलतोय. आमच्या शालोमीला तेवढं बाप्तिस्म्याचं विचारा. हो हो, पाठ आहे. उद्या पहाटे. नाही, पाण्याचं म्हणतोय मी."

"बाबा, हे काय?" शालोमी दारातच उभी.

"काय म्हणजे? सगळेच सांगून ठेवतात. मीही आजोबांनी सांगून ठेवलेल्या प्रश्नावरच पास झालो."

"अगं, ऐनवेळी घाबरलीस तर?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "ड्रेस शिवलाय, आत्या यायचीय. उगाच कशाला जिवाला घोर?"

शालोमी फणकाऱ्यानं आत गेली खरी. पण पोटात कुठंतरी बरंही वाटलं, ते कशाला लपवा.

झावळ्यांच्या रविवारी चर्च गच्च भरलं. पंखे गरम वारा ढवळत होते, मुलं हातातल्या झावळ्यांनी एकमेकांच्या मानेला गुदगुल्या करत होती. पैजेप्रमाणे यायचं होतं ते ईस्टरला, पण परीक्षाही बघायची म्हणून शेवटच्या बाकावर ओवी दिवाळीचा ड्रेस घालून आणि बुद्धप्रिया पांढरी शुभ्र ओढणी घेऊन बसली होती. तात्याबा उठले. मूळचे टेंभुर्णीकडचे, धोतर, टोपी आणि चर्चच्या घंटेला मागं सारणारा आवाज. प्रश्न विचारायला दरवर्षी तेच उठायचे, त्यांना अडवायची कुणाची छाती नव्हती, म्हणून प्रत्येक घर त्यांनाच फोन करायचं. यंदाही सगळ्याच घरांनी केला होता, पण यंदा कुणाचा प्रश्न कुणाला, याचा तात्याबांच्या टोपीखाली पार काला झाला होता.

ते एस्तेरपुढं थांबले. "पोरी, बाप्तिस्मा म्हंजी काय?"

शालोमीनं चमकून तात्याबांकडं बघितलं. अरे, हा तर माझा प्रश्न!

एस्तेरनं डोळे मिटले आणि घडाघडा म्हणून टाकलं, "देव एकच आहे, परंतु पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन व्यक्तींत तो प्रकट झाला आहे."

बाकांवरून हसू फुटलं. "आगं, मी इचारलं काय आन् तू सांगतीस काय?" तात्याबा म्हणाले. एस्तेरकडं उत्तर एकच होतं. तिनं तेच पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. आता तर पेटीवाले काकाही हसले.

"बरं. आता तू," तात्याबा शालोमीकडं वळले. "देव येक, मंग तीन कसा?"

शालोमीचं तोंड सवयीनं उघडलं. "देव पाण्यासारखा आहे," तिनं झोकात सुरुवात केली. "बर्फ, पाणी, वाफ..." आणि पाणी म्हणता म्हणता तिची नजर बाबांवर गेली. बाबा मान डोलवत होते, 'उद्या पहाटे' म्हणताना डोलवतात तश्शीच. शालोमी थांबली. काय बोलतोय आपण? हे आपल्याला कुठं कळलंय?

"तात्याबा, मला माहीत नाही," ती म्हणाली.

"आँ?"

"पुस्तकातलं उत्तर पाठ आहे, हवं तर म्हणून दाखवते. पण कळलेलं नाही. मी प्रार्थना करते तेव्हा एकाशीच बोलतेय असं वाटतं, आणि तो ऐकतोय हे मला नक्की माहिताय. तीन कसे ते अजून नाही कळलं."

आईनं पदराचं टोक ओठांवर धरलं. मग तात्याबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मला तरी कुटं कळलंय! म्हातारा झालो की हितं येऊन येऊन."

असा हशा त्या चर्चमध्ये नाताळच्या नाटकातही झाला नव्हता. पाळकसाहेब तर चष्म्याआडून डोळे पुसत होते.

पंच आतल्या खोलीत जाऊन बसले आणि थोड्याच वेळात निकाल घेऊन आले. शालोमी तयार आहे, प्रामाणिक उत्तर दिलं. बाकीची मुलंही तयार. एस्तेरची तयारी कमी पडली, तिनं पुढच्या वर्षी यावं.

बाहेर लिंबाच्या सावलीत ओवीनं शालोमीला मिठी मारली. "लई भारी! तुझं 'माहीत नाही' ऐकायला आम्ही वर्षभर थांबलो होतो की गं!"

"ती मुलगी का रडतेय?" बुद्धप्रियानं विचारलं. पायऱ्यांवर एस्तेर झावळीची पाती सोलत बसली होती, आणि तिचे वडील तिच्याकडं न बघता स्कूटर चालू करत होते.

शालोमीनं हसत हसत सगळा घोळ सांगितला, फोनचा, तात्याबांचा, अदलाबदलीचा. ओवी पोट धरून हसली. बुद्धप्रिया हसली नाही.

"म्हणजे तुझा प्रश्न तिला गेला."

"हो की!"

"तिचा तिला आला असता तर तिला येत होता."

"येत होता."

"तिचा तुला आला, तो तुला येत नव्हता."

"नव्हता."

"आणि पास तू."

"गप गं प्रिया," ओवी म्हणाली, "आजच्या दिवशी तरी." पण शालोमीचं हसू तोवर चेहऱ्यावरून उतरलं होतं. तिनं पायऱ्यांकडं बघितलं. स्कूटर निघून गेली होती.

दुपारी घरी मटणाचा रस्सा, कडक भाकरी. बाबा मिरजेला फोनवर सांगत होते, "अगं, सगळं चर्च उभं राहिलं!" कुणी उभं राहिलं नव्हतं. आईनं पांढरा ड्रेस इस्त्री करून दारामागं टांगला होता. शालोमीनं भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला आणि तसाच ताटात ठेवला.

"मला काहीतरी सांगायचंय. बाबा, फोन ठेवा."

बाबांनी ठेवला.

"मी आत्ता एस्तेरच्या घरी जाणार. तिला घेऊन पाळकसाहेबांकडं. प्रश्न कसे बदलले ते सांगणार, सांगून ठेवलं होतं तेही सांगणार."

"माझं नाव घेऊन?" बाबांचा आवाज बारीक झाला.

"सगळ्यांच्याच बाबांचं. आणि म्हणणार, आम्हा दोघींची परीक्षा पुन्हा घ्या, एकत्र. कुणीही उठू दे, काहीही विचारू दे. पंच हो म्हणाले तर दोघी ईस्टरला. नाही म्हणाले तर दोघी पुढच्या वर्षी."

"अगं, पण आत्या निघतेय!" आई म्हणाली. "आणि हा ड्रेस? वर्षभरात तू केवढी वाढशील."

"आत्याला रस्सा खायला घालू. ड्रेस उसवू. आत कापड ठेवलंयस की तू."

"तुला पास केलंय, शालू," बाबा कळवळून म्हणाले. "तुला हेच हवं होतं ना?"

"अजूनही हवंय. लई हवंय. म्हणूनच." शालोमी उठली, हात धुतले, चपला पायात सरकवल्या. बाबांचा हात हळूच फोनकडं सरकताना तिला दिसला.

"आणि बाबा, तात्याबांना फोन करायचा नाही. कुणालाच करायचा नाही. मी ठरवलंय."