तीस दिवसांची आठवण

सोमवारी चिप पास झाली तर प्रेरणाला पीएचडी मिळणार होती, शोधनिबंधावर मार्गदर्शक सरांच्या शेजारी तिचं नाव छापून येणार होतं आणि जर्मनीतली दोन वर्षं पक्की होती. एवढा ऐवज काडेपेटीएवढ्या डबीत मावला होता. सुट्टीपुरती घरी आणलेली ती डबी तिनं आंबवड्याच्या घरातल्या फडताळात ठेवली, दार लावलं आणि पुन्हा उघडून पाहिलं.

"आगं, पळून जातीय का ती?" तिची आई मंगल म्हणाली. "बस की जरा."

चिपवर तीन अणूंच्या जाडीचा एक पापुद्रा होता, चिकटपट्टीनं सोलून काढलेला. मेंदूतल्या दोन पेशींमधला सांधा वापरानं घट्ट होतो, तसा हाही विजेचे ठोके देत गेलं की घट्ट व्हायचा, शिकलेलं धरून ठेवायचा. बावन्न पापुद्र्यांत हा एकच साधला होता. तो तीस दिवस विसरला नाही, असं प्रेरणानं लिहून दिलं होतं. त्या तीस दिवसांत जिवाला चैन नसल्यामुळं आपण रोज चार-चारदा ठोका देऊन त्याला तपासत होतो, हे मात्र लिहिलं नव्हतं. मग त्याला आठवत होतं, की ती आठवण करून देत होती? दहा दिवस हात न लावता सोमवारी दुसऱ्या प्रयोगशाळेत मोजलं, की कळणार होतं.

सकाळी दसरा. ती न्हाऊन बाहेर आली, तर पाटावर वडलांचे ट्रॅक्टर दुरुस्तीचे पाने, पक्कड, आईचा विळा आणि शेवटी उघडी डबी. चिपच्या मधोमध ओलं कुंकू, वर झेंडूची पाकळी.

"झाकनाला लावून काय उपेग?" तिचे वडील, गोरख मिस्त्री, खुशीत म्हणाले. "तुजंबी आवजारच की."

"पुसून घे गं," आई म्हणाली.

"पुसून न्हाई जात, आई. गेली ती."

मिस्त्रींचा हात हळदीच्या वाटीतच राहिला.

अंगणात जाऊन तिनं सरांना फोन लावला.

"सर, चिप गेली. वडलांनी दसऱ्याची पूजा केली तिची."



"तीस दिवसांची मोजणी आहे ना आपल्याकडे? खात्रीची?"

प्रेरणानं मागं वळून पाहिलं. मिस्त्री ओल्या कापसानं चिप टिपत होते, जनावराची जखम टिपावी तशी.

"हो, सर."

"मग तेवढ्यावर छापू. घरच्यांना काय बोलणार!"

आत येऊन ती चार पोळ्या जेवली. तीन आठवड्यांत असं जेवण गेलं नव्हतं. आईनं पाचवी वाढली नाही, नुसती बघत राहिली.

संध्याकाळी मिस्त्री गावात सोनं वाटून परतले. पोरीची चार वर्षं माझ्या हातानं गेली, हे त्यांनी घरोघरी स्वतःच सांगितलं होतं. प्रेरणानं पाया पडून हात पुढं केला. त्यांनी आपट्याचं पान कट्ट्यावर ठेवलं.

"तितनं घे. माजा हात नगं लागाया."

तिनं बोलायला तोंड उघडलं. मग वाकून पान उचललं.