स्वयंपाकघराची पायरी

स्फाक्स शहरातल्या आमच्या बालवाडीच्या अंगणात एक ऑलिव्हचं झाड आहे, एक घसरगुंडी आहे आणि स्वयंपाकघराच्या दाराशी एक रुंद पायरी आहे. त्या पायरीवर बसून आमची स्वयंपाकीण मबरूका मावशी भाजी निवडते.

मी जीवशास्त्र शिकले. सरकारी शाळेतल्या नेमणुकीची वाट पाहत असताना इथं लागले, त्याला अकरा वर्षं झाली. तीन वर्षांखालची चौदा मुलं माझ्याकडे असतात. मदतीला तरुण रीम असते. मुलं आम्हाला ताता म्हणतात, ताता लुब्ना, ताता रीम. मी आवाज चढवत नाही, कुणाला ओढत नाही, औषधाची वेळ चुकवत नाही. अंगणात मी नेहमी झाडाखाली उभी राहते, कारण तिथून सगळी चौदा डोकी एका नजरेत येतात.

फेब्रुवारीत आमच्या संचालिका मादाम नजवा कुठल्याशा प्रशिक्षणाहून परतल्या आणि मला म्हणाल्या, "लुब्ना, आता प्रत्येक मुलाला इथलं एक आपलं माणूस द्यायचं. त्यानंच सकाळी दारातून घ्यायचं, भरवायचं, झोपवायचं. दर तासाला नवे हात नकोत."

"कुणाचं माणूस कोण, हे कसं ठरवायचं?"

"ते तू सांग. शास्त्र तू शिकलीस."

मी दोन आठवड्यांचं निरीक्षण सुचवलं. मूल पडलं, रडलं की आपणहून कुणाकडे जातं, एवढंच टिपायचं. कुणी हाक मारायची नाही, हात पसरायचे नाहीत. नियमानुसार अंगणात जी जी मोठी माणसं असतील ती सगळी धरायची, म्हणजे मबरूकाही.

ती दारातून ऐकत होती. "पोर रडत कुठं जातं ते लिहायला दोन आठवडे? अगं पोरी, नाक गळायला लागलं की ते जवळच्या झग्याकडं जातं!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. माझ्या डोक्यात तेव्हा फक्त इहाब होता.

इहाब सव्वादोन वर्षांचा. बाप बोटीवर, आई ट्यूनिसला नर्सिंगचं शिक्षण घेत होती आणि फक्त शनिवार-रविवार घरी यायची. त्याला सांभाळायला आजी, हाज्जा सालहा, केर्केना बेटावरचं आपलं घर बंद करून आली होती आणि शहराला रोज शिव्या देत होती. "महिनाअखेरपर्यंत रुळला तर ठीक," तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "नाहीतर मी त्याला बेटावर नेते. आईला भेटायचं असेल तर तिनं यावं बोटीनं." वारा सुटला की बोट बंद असते. आईनं मला फोन केला होता. "ताता लुब्ना, मला आठवड्याचे दोनच दिवस मिळतात हो. ते तरी राहू द्या."

इहाब रुळायला हवा होता. आणि तो माझ्यापाशी रुळायला हवा होता. पहिल्या दिवशी त्यानं दुपारपर्यंत माझ्या कोटाचं एक बटण धरून ठेवलं होतं. ते सैल झालेलं बटण मी अजून घट्ट केलेलं नाही.

निरीक्षणाच्या पहिल्याच सोमवारी तो घसरगुंडीवरून पडला. गुडघा खरचटला. मी सहा पावलांवर झाडाखाली उभी होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि रडत रडत माझ्या शेजारून पायरीकडे गेला. मबरूकाच्या मांडीवर वाटाण्याच्या शेंगा होत्या. तिनं वरसुद्धा पाहिलं नाही. त्यानं तिच्या ऍप्रनमध्ये तोंड खुपसलं. तिनं त्याच्या हातात एक शेंग दिली. "उघड बघू कबुतरा, आत किती भावंडं आहेत." मिनिटभरात रडं थांबलं. तिच्यासाठी गोल, माझ्यासाठी फुली, रीमसाठी रेघ असं ठरलं होतं. मी गोल काढला.

ती सगळ्याच मुलांना कबूतर म्हणते. निम्म्यांची नावं तिला येत नाहीत. तिला लिहिता येत नाही. आठवडा संपता संपता कागदावर गोलच गोल झाले आणि मला अंगणाच्या दुसऱ्या टोकाहून तिच्या हातांचा जिऱ्याचा वास येऊ लागला. इतक्या लांबून तो येणं शक्य नाही, हे मला कळत होतं. तरी येत होता. मी तिची नखं पाहू लागले. कागदाच्या मागे लिहिलं, 'ऍप्रन, दोन दिवस तोच.' असं काही टिपायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या शुक्रवारी बेरीज केली. चौदातली नऊ मुलं मबरूकाची, तीन माझी, दोन रीमची. इहाब अकरा वेळा रडला होता. आठ गोल, दोन फुल्या, एक रेघ.

मी एकही खोटी खूण केली नाही. नवा कागद घेऊन वर फक्त एक ओळ लिहिली, 'निरीक्षणाचं क्षेत्र खेळाचं अंगण. गरम भांड्यांच्या धोक्यामुळे स्वयंपाकघर व त्याची पायरी वगळून.' तशी मर्यादा कुठल्याही अहवालात घालतात. कुणी बोट ठेवलं नसतं. त्या एका ओळीनं सगळे गोल गेले. इहाबपुढे उरल्या दोन फुल्या आणि एक रेघ.

इहाब माझा झाला. जुना कागद मी खणात ठेवला, फाडला नाही.

अहवालाला धरून पायरीपुढे कमरेएवढं लाकडी फाटक बसवलं. मबरूकानं त्यावर डाव आपटला. "माझ्या दाराची पोलीस चौकी केली काय गं?"

"सुरक्षेसाठी आहे, मावशी."

"कुणाच्या?"

मी इहाबला रोज आठ वाजता दारात घेऊ लागले. ठरल्या वेळी भरवू लागले. तो तोंड उघडायचा, घास घ्यायचा आणि गालात ठेवायचा. झोपेच्या वेळी तो घास मी बोटानं काढायचे. उरलेला वेळ तो फाटकाच्या पट्ट्या धरून उभा असायचा. आत मबरूका भांड्यांशी बोलायची, तिचा आवाज आला की त्याची मान वळायची. एकदा मी उठून स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. ते वहीत लिहिलं नाही. वजन मात्र लिहिलं. नऊ दिवसांत चारशे ग्रॅम कमी.

बुधवारी हाज्जा सालहा आली. "रविवारच्या बोटीची दोन तिकिटं काढलीत."

"हाज्जा, अजून थोडे दिवस द्या."

"तू गुणाची आहेस पोरी, स्वच्छ आहेस. पण त्याचं गालफाड बघ. इथली हवा त्याला मानवत नाही." मग तिनं पिशवीतून सुकवलेल्या ऑक्टोपसची पुडी काढून माझ्या हातात कोंबली. "बेटावरचा आहे. एवढं केलंस त्याचं, तुझ्यासाठी."

हवेचा दोष नव्हता, हे त्या अंगणात मला एकटीला ठाऊक होतं. पुडी हातात धरून मी उभी राहिले. बेटावर गेला तर तो माझा राहणार नाही, पण तिचाही होणार नाही, असा विचार मला आला. तो आला हे खरं आहे. किती वेळ टिकला ते मी मोजलं नाही.

दुपारी मुलं झोपल्यावर मी दोन्ही कागद मादाम नजवांपुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"ही ओळ कशासाठी घातलीस?"

"गरम भांड्यांसाठी."

"पायरीवर भांडी असतात?"

"नाही. वाटाणे असतात."

त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "मला वाटलं होतं, तुझ्या कागदाकडे मला दुसऱ्यांदा बघावं लागणार नाही." मग म्हणाल्या, "मबरूकाकडे प्रमाणपत्र नाही. तपासणीला आले तर?"

"तिच्या नोंदी मी लिहीन. हात धुण्यापासून सगळं मी शिकवीन. स्वयंपाकाला सकाळची दुसरी बाई बघू. पण इहाबला उद्यापासून तिच्याकडे द्या, रविवारच्या आत."

फाटकाचे स्क्रू मीच काढले. मबरूका कमरेवर हात ठेवून बघत होती.

"उठली का चौकी?"

"उठली."

"कुणी चोर सापडला?"

"सापडला, मावशी. मीच."

तिला किती कळलं ते मला माहीत नाही. "अन्न जाळलं नाहीस ना? मग झालं," म्हणाली.

मी तिला विचारलं, "तुम्ही नेमकं काय करता मुलांना?"

"काय करणार? बसते."

"म्हणजे?"

"गुडघे दुखतात म्हणून बसते. तू उभी खांबासारखी. एवढंसं पोर, त्याला तुझा कोट दिसतो, तोंड दिसत नाही. वर चढून येईल काय ते?"

अकरा वर्षं मी सगळी डोकी एका नजरेत पाहत होते.

गुरुवारी इहाबनं पायरीवर बसून जव घातलेलं माशाचं सूप वाटीभर खाल्लं आणि वाटी पुढे केली. शुक्रवारी घ्यायला आलेल्या हाज्जा सालहानं ते दारातून पाहिलं. "रविवारी मी एकटीच जाते," ती म्हणाली. "आई आहे त्याची दोन दिवस. घराला जरा हवा दाखवून सोमवारी येईन." दुसऱ्या तिकिटाचं तिनं काय केलं, मी विचारलं नाही. आईचा फोन आला. मला धन्यवाद देत होती. मी म्हटलं, "मबरूका मावशींना द्या," आणि फोन तिच्या कानाला लावला.

सोमवारी रीमला झाडाखाली उभं करून मी पायरीवर बसले. मबरूकाच्या शेजारी, तिच्याच उंचीवर, मांडीवर तसल्याच शेंगा घेऊन. कोट काढून ठेवला होता. मी बसले होते अलीकडे, ती पलीकडे. अंगणातून येणाऱ्याला तिच्याआधी मी लागणार होते. हे मी ठरवून केलं होतं, ते लपवत नाही.

साडेदहाला इहाब झाडाच्या मुळाला अडखळून पडला. उठला आणि भोकाड पसरून पायरीकडे आला. त्यानं माझं तोंड पाहिलं. या वेळी नीट पाहिलं. माझ्या गुडघ्यावर मातीनं भरलेला हात ठेवला, मी मांडीवरच्या शेंगा बाजूला सारल्या. हात त्यानं तोल सावरायला ठेवला होता. माझ्या पायांवरून तो पलीकडे चढला आणि तिच्या ऍप्रनमध्ये तोंड खुपसलं.

"आलं का माझं कबूतर," मबरूका म्हणाली.

मी खिशातून कागद काढला आणि त्याच्या नावापुढे गोल काढला. पेन्सिलीचं टोक मोडलं, पण तोवर गोल पुरा झाला होता.