जावक क्रमांक नसलेली उत्तरं

मित्रांनो, राजा आणि प्रजा यांच्यामध्ये हजारो वर्षं उभी असलेली भिंत ज्याने एका दिवसात जमीनदोस्त केली, तो मी. हे मी म्हणत नाही, पालिकेच्या सर्वसाधारण सभेच्या ठराव क्रमांक अठरामध्ये तसं लिहून ठेवलं आहे. ठराव एकमताने मंजूर झाला, कारण त्याच वेळी चहा आला होता. प्रत्यक्षात मी एक जुना मोबाइल आहे. चोरीला जाऊ नये म्हणून मला सुतळीने टेबलाच्या पायाला बांधून ठेवलेलं असे. भिंती पाडणाऱ्याला सुतळी तुटत नाही, हे मला फार लवकर कळलं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या मुलींनी मला जोडलं, पुसलं आणि मऊ खोक्यात झोपवलं. त्या खोक्यात मला स्वप्नं पडत. माझ्यावरून कुणी आईशी बोलेल, कुणी परीक्षेचा निकाल बघेल आणि मला हृदयाशी धरेल. नशिबात पालिका होती. भांडारपालाने मला बाहेर काढलं आणि पहिलं काम काय केलं, तर पांढऱ्या ऑइलपेंटने पाठीवर नोंद क्रमांक घातला. त्यातला शेवटचा सात कॅमेऱ्याच्या काचेवर चढला. त्यामुळे पालिकेच्या प्रत्येक फोटोत एका कोपऱ्यात पांढरट ढग दिसे. लोकांना वाटे, विकासाची धूळ आहे.

ठराव असा होता, की नागरिकांशी समाजमाध्यमांवरून संवाद साधावा. त्यासाठी माझ्यावर पालिकेचं पेज उघडलं आणि मला आवक-जावक विभागात नेमलं. संवाद म्हणजे पत्र येणं आणि पत्र जाणं, असा सगळ्यांचा समज होता. तिथे दोन टेबलं होती. एकावर आवकबाई बसत. आलेल्या प्रत्येक कागदावर क्रमांक घालण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती, आणि त्यांचं खरं नाव आता फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं. दुसऱ्या टेबलावर हेडक्लार्क. त्यांना सगळे नियमबुवा म्हणत. माणूस वाईट नव्हता. नियमात बसत नसेल तर ते शिंकतसुद्धा नसत, एवढंच.

पहिल्याच आठवड्यात हजारबाराशे माणसं पेजला जोडली गेली. मला कृतार्थ वाटलं. त्या वयात बॅटरी भरलेली असते, काहीही वाटतं. लोक विचारत होते, दिवा कधी लागेल, कचऱ्याची गाडी का आली नाही, जन्माचा दाखला कुठल्या खिडकीवर मिळतो. साधे प्रश्न, मित्रांनो. घरातल्या माणसाला विचारावेत तसे.

नियमबुवांनी पद्धत घालून दिली. प्रश्नाचा प्रिंट काढायचा, टाचणी लावायची, आवक क्रमांक घालायचा, विभागाचा अभिप्राय मागवायचा, मसुदा करायचा, त्यावर साहेबांची सही घ्यायची आणि जावक क्रमांक पडला की मगच उत्तर द्यायचं. एका शाळकरी मुलीने विचारलं होतं, "वाचनालय आज उघडं आहे का?" तिला सदतिसाव्या दिवशी उत्तर गेलं, "होय." त्या दिवशी वाचनालयाला सुट्टी होती.

एकदा एका फोटोखाली आठ लाइक आले. नियमबुवांनी चष्मा पुसून ते मोजले.

"आवकबाई, हे अंगठे डाव्या हाताचे की उजव्या?"

"बुवा, लोकांना फोटो आवडला, एवढाच त्याचा अर्थ."

"आवडू दे. पण अंगठ्याखाली साक्षीदाराची सही लागते."

पुढे साहेबच कंटाळले. म्हणाले, उत्तरं बंद करा, फोटो टाका. मग माझ्यावरून फोटो जाऊ लागले. साहेब पाहणी करताना. साहेब पाहणीला निघताना. पाहणीनंतर साहेब. खाली लोक प्रश्न विचारतच होते. त्यांना उत्तर जात नव्हतं, पण आवक क्रमांक मात्र पडत होता, कारण तो थांबवायचा आदेश निघाला नव्हता. आवकबाई डबा खाताना ते प्रश्न एकेक करून वाचत आणि घास तसाच हातात राही. "माणूस दारात उभं राहून हाका मारतंय," त्या म्हणत, "आणि आपण आतून कडी लावून फोटो काढतोय." हळूहळू हाकाही कमी झाल्या. माझा उपयोग पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून होऊ लागला. पडद्याला तडा गेला. चार्जरची पिन ढिली झाली. ती अंगठ्याने दाबून धरली तरच माझ्या पोटात चार घास जात.

अशी दोन वर्षं गेली आणि तो दिवस आला.

दुपारी तीन वीसला ऑफिसचा टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे पंपावरचा माणूस होता. त्याचा आवाज मला सुतळीच्या टोकापर्यंत ऐकू आला.

"बाई, टाकीजवळचा पाइप फुटलाय. गटाराचं पाणी शिरलंय आत. दुपारपासूनच शिरत असणार."

"अरे, मग पंप बंद कर."

"तो केला कधीच. पण पाइपात भरलंय त्याचं काय करू? पाचला लोक कामावरून येतील, नळ सोडतील, तेच पितील. वासही फारसा येत नाहीये, बाई. तोच घात आहे."

आवकबाईंनी साहेबांना फोन लावला. बंद. आरोग्यवाल्या साहेबांना लावला. बंद. पाणीखात्याच्या साहेबांना लावला. तोही बंद. सगळे साहेब दुसऱ्या शहरात प्रशिक्षणाला गेले होते. विषय होता, समाजमाध्यमांतून लोकांशी जिवंत संपर्क कसा ठेवावा. व्याख्यानात व्यत्यय नको म्हणून दारातच सगळ्यांचे मोबाइल काढून घेतले होते. आणि भोंगा लावलेली पालिकेची एकुलती एक गाडी त्यांना घेऊन गेली होती.

"बुवा, मी पेजवर टाकते."

"मसुदा करा. साहेब आले की सही होईल."

"साहेब कधी येणार?"

"सातपर्यंत."

"आणि लोक पाणी कधी पिणार?"

"त्याची नोंद आपल्याकडे नसते," नियमबुवा म्हणाले. पण हे म्हणताना त्यांनी समोरचा भरलेला पाण्याचा पेला हळूच लांब सरकवला.

आवकबाईंनी मला उचललं. त्यांनी लिहिलं, "नळाचं पाणी पिऊ नका. गटाराचं मिसळलं आहे." दहा मिनिटांत ते अकरा जणांनी पाहिलं. एकाने खाली लिहिलं, "साहेब पाणी पिताना फोटो टाका." दुसऱ्याने विचारलं, "निवडणूक आली वाटतं?"

मित्रांनो, मी तेव्हा किती तडफडलो, कसं सांगू. माझ्यात भोंगा होता, दिवा होता, साऱ्या जगाशी जोडणारी तार होती. आणि अकरा माणसं.

आवकबाईंनी आपल्या नणंदेला फोन लावला. ती खालच्या वस्तीत राहायची आणि तिच्या घरी तीन महिन्यांचं नातवंड होतं.

"वन्सं, नळाचं पाणी घेऊ नका. पेजवर पण टाकलंय मी."

"पेजवर टाकलंय म्हणजे खोटंच असणार, वहिनी. परवा तुम्हीच टाकलं होतं, आमचा रस्ता पूर्ण झाला म्हणून. मी दारात उभी राहून वाचलं ते, चिखलात."

"मी सांगतेय ना."

"तू सांगतेस म्हणून बाळाची बाटली आत्ता ओतून देते. पण शेजारणीला काय सांगू? पालिका म्हणते म्हणून? हसेल ती मला."

आवकबाईंनी फोन ठेवला. माझ्या पोटात एकोणीस टक्के उरले होते. चार वाजायला आले होते. त्यांचा अंगठा माझ्या तड्यावरून खाली, खाली, जुन्या प्रश्नांपर्यंत गेला आणि तिथे थांबला. पेजवर नवं काही लिहिलं, तर कुणी बघेल न बघेल. पण एखाद्याच्या प्रश्नाखाली उत्तर लिहिलं, की ते थेट त्याच्या खिशात वाजतं. आणि असे बिनउत्तराचे प्रश्न आमच्याकडे किती होते, विचारू नका.

पहिला हाताला लागला पिठाच्या गिरणीवाला. त्याने दोन वर्षांपूर्वी विचारलं होतं, "आमच्या गल्लीतला दिवा कधी लागणार?" बाईंनी लिहिलं, "लागलेला नाही. चूक आमची आहे. आज नळाचं पाणी पिऊ नका, गटाराचं मिसळलं आहे."

अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. "कोण बोलतंय?"

"आवक-जावकमधली बाई."

"बाई, दोन वर्षं झाली."

"माहीत आहे. शेजाऱ्यांना पण सांगा."

मग दुसरा. मग तिसरा. "तुमच्या दारातला कचरा उचलला नाही, खरं आहे. पाणी पिऊ नका." "दाखला तीन नंबरच्या खिडकीवर मिळतो, पण खिडकी उघडत नाही. पाणी पिऊ नका." लोक चक्रावले. पालिकेने उत्तर दिलं, ही बातमी पाणी बिघडल्याच्या बातमीपेक्षा मोठी होती. त्या उत्तरांचे फोटो काढून लोक एकमेकांना पाठवू लागले. माझा जीव भांड्यात पडणार, एवढ्यात एका निवृत्त मास्तरांनी सगळ्यांना बजावलं, "विश्वास ठेवू नका. पेज कुणी तरी बळकावलं आहे. पालिका चूक कबूल करत नाही."

झालं. खाली एकामागून एक होकार पडू लागले. मास्तर म्हणतात ते बरोबर. पालिका असं बोलतच नाही. साडेचार वाजले होते. ज्या तोंडाने आम्ही कधी खरं सांगितलं नव्हतं, त्या तोंडाचं खरं कुणाला पटावं?

त्यांनी आवक रजिस्टर ओढलं आणि मास्तरांना लिहिलं, "तुमची तक्रार फुटलेल्या बाकाची. आवक क्रमांक दोन हजार एकशे अठरा."

"एकोणीस," मागून आवाज आला. नियमबुवा उभे होते. "अठरा पाणपोईचा. मास्तरांचा एकोणीस. चुकीचा क्रमांक बाहेर जाता कामा नये."

"मग सांगा तुम्ही."

"मी उत्तर देण्यास संमती देत नाहीये. फक्त क्रमांक सांगतोय."

"कळलं. आणि ती पिन दाबून धरा. मरतोय तो."

नियमबुवांनी एका हाताने रजिस्टर धरलं आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने माझी पिन दाबली. असा अंगठा मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाला. ते क्रमांक वाचत गेले, तारखेसह, कुठल्या अर्जावर चहा सांडला होता त्यासह, आणि बाई लिहीत गेल्या. मास्तरांनी मान्य केलं, "क्रमांक बरोबर आहे. ऑफिसात येऊन घेतलेली पोच माझ्याकडे आहे. पाणी पिऊ नका." पिन दाबूनही पाच वाजून दहा मिनिटांनी मी विझलो. तोवर एकशे त्रेचाळीस उत्तरं गेली होती.

इथेच गोष्ट संपवता आली असती, तर मलाही बरं वाटलं असतं. पण त्या संध्याकाळी एकतीस माणसं दवाखान्यात गेली. त्यातली जवळजवळ सगळी टेकडीमागच्या एकाच वस्तीतली. तिथून आमच्याकडे आजवर एकही प्रश्न आला नव्हता. आम्हाला वाटायचं, तिथे सगळं ठीक आहे. प्रश्नच नव्हता, त्यामुळे उत्तर लिहायला जागा नव्हती. माणसं पुढे घरी आली. एक आजोबा अजून भिंत धरून चालतात.

दुसऱ्या दिवशी साहेब प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र घेऊन ऑफिसात आले. आठवड्याभरात आवकबाईंना नोटीस निघाली. जावक क्रमांकाशिवाय एकशे त्रेचाळीस उत्तरं दिली, आणि पालिकेची चूक परस्पर कबूल केली. आता त्या घरी बसून आहेत. नोकरी राहील की जाईल, ते चौकशीत ठरणार. निवृत्तीला पाच वर्षं उरली होती. नियमबुवांनी आपला जबाब लेखी दिला, "क्रमांक मी सांगितले. सर्व बरोबर होते." त्यांनाही नोटीस आहे.

मला एका लखोट्यात घालून, वर "पुरावा क्रमांक एक" असं लिहून याच खोलीतल्या कपाटात ठेवलं आहे. बंद मोबाइल बोलतो कसा, असं विचारू नका. चालू होतो तेव्हा तरी कुणी ऐकलं? बाहेर नवा मोबाइल आला आहे. त्यावर काल फोटो गेला, साहेब चौकशी करताना. खाली कुणी तरी विचारलं, "त्या बाई परत कधी येणार?" नव्या कारकुनाने ते मोठ्याने वाचलं आणि क्रमांक घातला. उत्तर गेलेलं नाही.

मित्रांनो, तुम्ही उद्या मोठे व्हाल. तुमच्यातलं कुणी खुर्चीत बसेल, कुणाच्या हातात माझ्यासारखा एखादा मोबाइल येईल. माझी कळकळीची विनंती आहे, विचारणाऱ्याला उत्तर द्या. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. रोज थोडं थोडं खरं बोललात, तर ज्या दिवशी ओरडून सांगायची वेळ येईल, त्या दिवशी लोक हसणार नाहीत. आणि ज्या वस्तीतून काहीच आवाज येत नाही, तिथे सगळ्यांच्या आधी जा. चौकशीत हे कुणी तरी बोलेल, या आशेवर मी अंधारात पडून आहे. लोकांनी आवकबाईंच्या बाजूने दोन ओळी लिहिल्या, तरी खूप होईल.

तेही जमणार नसेल, तर निदान एक करा. लखोटा डिंकाने चिकटवला आहे आणि डिंकाला मुंग्या लागल्या आहेत. त्या पिनच्या भोकातून आत शिरतात. कुणी कपाटाच्या बाजूला आलात, तर लखोटा एकदा झटकून ठेवा.