दोनशे छप्पन्न अक्षरांची जागा

मित्रांनो, मी एक जुना मेमरी बोर्ड आहे. तळहाताहून थोडा मोठा, हिरवा, अंगावर काळ्या चिपांच्या रांगा. मला जुना म्हणा, माझी हरकत नाही. पण मला 'रिकामी जागा' म्हणालात तर मी ऐकून घेणार नाही. एकदा ऐकून घेतले, आणि त्यापायी एका भल्या माणसावर खोटेपणाचा शिक्का बसला.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला नीट आठवत नाही. आठवते ते १९८५ साल आणि नागपूरच्या रामदासपेठेतले नदीमापनाचे एक कार्यालय. तिथे कपाटाएवढा संगणक आला आणि त्याच्या पोटात मला बसवले. संगणकासाठी खोली गार ठेवावी लागे. मे महिन्यात अख्खे कार्यालय काही ना काही निमित्त काढून आमच्या खोलीत येई. फायली विसरत, पेन्सिली शोधत, आणि मशीनचे कौतुक करत. ते कौतुक गार हवेचे होते हे मला कळत होते. तरी बरे वाटे.

माझे काम सांगतो. नद्यांवरच्या सोळा केंद्रांतून टेलिफोनच्या तारांनी आमच्याकडे पाण्याची पातळी येई. तिथला माणूस टाइपरायटरसारख्या यंत्रावर आकडे टिपी आणि अक्षरे एकेक करून नागपूरला पोचत. संगणकात एक कारभारी असतो, त्याला कर्नेल म्हणतात. तारेवर अक्षर आले की तो हातातले काम टाकून धावतो, ते उचलतो आणि माझ्याजवळ ठेवतो. पुढे वाचणारा प्रोग्रॅम सवडीने येतो, माझ्याकडची अक्षरे आल्या क्रमाने घेतो आणि कागदावर छापतो. वाचणाऱ्याला सवड होईपर्यंत आलेले सांभाळणाऱ्या या जागेला बफर म्हणतात. प्रत्येक तारेसाठी माझ्याजवळ एक हजार चोवीस अक्षरांची जागा होती. येणारा थांबत नाही आणि घेणारा वेळेवर येत नाही, त्या दोघांच्या मध्ये मी उभा होतो. तीन पावसाळे उभा होतो. एक अक्षर सांडले नाही.

आमच्या खोलीच्या प्रमुख होत्या प्रमोदिनी घारपुरे. माझ्यातल्या कोपऱ्यान् कोपऱ्याची त्यांना माहिती. त्यांचे साहेब मधुकरराव देवपुजारी. शिस्तीचे, कामाला वाघ, पण मासिक अहवाल उशिरा निघाला की त्यांचा पारा चढे. १९८८ च्या मे महिन्यात त्यांनी प्रमोदिनीबाईंना विचारले, "अहवालाला मेमरी कमी पडते म्हणता, आणि ही एवढी जागा मोकळी कशाला ठेवलीय?"

"ती मोकळी नाही, सर. येणाऱ्या अक्षरांसाठी राखून ठेवलीय."

"तीन वर्षांत कधी भरली?"

"भरली नाही, म्हणूनच..."

"मग एक चतुर्थांश ठेवा. बाकीची अहवालाला द्या."

झाले. माझी जागा प्रत्येक तारेमागे दोनशे छप्पन्न अक्षरांवर आली. अहवाल लवकर निघू लागले, मधुकररावांची वरून तारीफ झाली. मी गप्प राहिलो, मित्रांनो. मला तोंडच दिलेले नव्हते. भरलो की 'भरलो' असे सांगण्याची सोय माझ्यात कुणी केलीच नव्हती.

पहिल्या क्रमांकाचे केंद्र नागपूरजवळच्याच एका उतावळ्या नदीवर होते. तिथे धोंडबा नावाचे पन्नाशीचे मापक होते. दोन बोटांनी टाइप करत, पण त्यांच्या आकड्यात कधी चूक नसे. प्रत्येक संदेश बरोबर चाळीस अक्षरांचा असायचा. केंद्र, तारीख, वेळ, पातळी. इतरांच्या संदेशांत कधी एखादे अक्षर कमी पडे, धोंडबांच्या नाही.

ऑगस्टातली ती दुपार. वरच्या डोंगरात ढगफुटी झाली होती. बाकी केंद्रे तासातासाला आकडे पाठवत होती. धोंडबांना पाण्याचा रंग बदललेला दिसला आणि ते दर दोन मिनिटांनी पाठवू लागले. नेमका त्याच वेळी आमचा प्रिंटर अडकला. कागदाची खोकी खिडकीखाली ठेवलेली, कागद दमट होऊन फुगला होता. एक वाजून पाच मिनिटांनी तो आत गुंडाळला गेला. प्रमोदिनीबाई तेव्हा मधुकररावांच्या खोलीत अहवाल समजावून देत होत्या. बाकीचे जेवायला गेलेले.

प्रिंटर थांबला म्हणून वाचणारा प्रोग्रॅमही थांबला. जे हातात आहे ते छापल्याशिवाय तो पुढचे घेणार नव्हता. धोंडबांचे संदेश येत राहिले. एक, दोन, तीन. मी ठेवत गेलो. सहा संदेश झाले, दोनशे चाळीस अक्षरे. सातवा सुरू झाला. तोच धोक्याच्या पातळीचा होता. त्याची सोळा अक्षरे मी घेतली आणि माझ्यात जागा उरली नाही. सतरावे अक्षर कारभाऱ्याने आणले, माझ्याकडे पाहिले आणि टाकून दिले. पातळीचा आकडा त्यानंतर होता. आठवा संदेश गेला, नववा गेला. सगळे गेले. मी काठोकाठ भरलेला, आणि धोंडबा तिकडे दोन बोटांनी टिपतच होते.

धोक्याचा आकडा आला की कार्यालयातून ट्रक आणि भोंगा नदीकाठच्या टोलीवर, म्हणजे तिथल्या छोट्या वस्तीवर, जात असे. धोंडबांनी वाट पाहिली. रस्त्यावर काहीच दिसेना. दीड वाजता त्यांनी यंत्र सोडले, चिखलातून सायकल हाणली, टोली गाठली आणि घरोघरी दारे बडवली. तीस घरांची माणसे टेकडीवर चढली. अडीचला टोलीत छातीएवढे पाणी होते. धान्य गेले, भांडी गेली, माणूस एकही गेला नाही.

आणि नागपुरात? कागद मोकळा झाला तो एक चाळीसला. प्रिंटरने सहा पूर्ण संदेश छापले, सगळे धोक्याच्या खालचे. मग एक अर्धवट ओळ. पुढे काही नाही. मधुकररावांनी त्यावर लिहिले की मापकाने इशारा पाठवला नाही, संदेश अर्ध्यात टाकून केंद्र सोडले. धोंडबा निलंबित झाले.

तिसऱ्या दिवशी ते आमच्या खोलीच्या दारात उभे होते. अंगावर इस्त्रीचा सदरा, हातात निलंबनाचा कागद.

"बाई, मी पाठवलं होतं. एक नाही, सात-आठ डाव पाठवलं. तुमच्याकडून कोणी येऊनच नाही राहिलं, तं मी काय करू? मशीनपाशी बसून लोकाईले बुडतानी पाहू काय?"

"बसा, धोंडबा. साहेबांना सांगितलंत?"

"सांगतलं. ते म्हणते, मशीन खोटं बोलत नाही." त्यांचा आवाज चढला. "मंग मी काहून खोटं बोलू? तीस वर्स झाले मले पाणी मोजता मोजता."

प्रमोदिनीबाईंनी तो अर्धवट कागद मागवला आणि शिसपेन्सिल घेऊन एकेक अक्षर मोजू लागल्या. मोकळ्या जागासुद्धा. चाळीस, ऐंशी, एकशे वीस. मी आतून ओरडत होतो, मोजा बाई, मोजा! दोनशे चाळीस. मग ती तुटकी ओळ. सोळा. त्यांची पेन्सिल थांबली.

"दोनशे छप्पन्न," त्या हळूच म्हणाल्या. "धोंडबा, तुम्ही अर्ध्यात सोडलं नाही. इथं जागा संपली."

चौकशीला केशव पांढरीपांडे नावाचे अधिकारी आले. मधुकरराव शेजारी बसले. प्रमोदिनीबाईंनी विनंती केली की धोंडबांना केंद्रावर पाठवून यंत्रापुढे बसवावे. मग त्यांनी स्वतः प्रिंटर थांबवला आणि केंद्रावर चौकशीपुरत्या जोडलेल्या फोनवर सांगितले, "एकपासून शंभरपर्यंत आकडे टिपा. प्रत्येक आकड्यानंतर एक जागा सोडा."

बऱ्याच वेळाने फोनवर उत्तर आले, "झाले बाई. शंभर पुरे."

प्रिंटर सुरू केला. एक, दोन, तीन असे करत आकडे उतरू लागले. पंचाऐंशी, शहाऐंशी, सत्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी. मग नुसता एक आठ. आणि कोरा कागद.

पांढरीपांडे साहेबांनी कागद उलटून पाहिला. "एकोणनव्वदचा नऊ कुठे गेला?"

"जिथं धोंडबांचा इशारा गेला तिथं," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "आधी इथं एक हजार चोवीस अक्षरं मावत होती. मे महिन्यात कमी केली."

"कुणी?"

  प्रमोदिनीबाईंनी नाव घेण्याआधीच मधुकरराव उभे राहिले. चेहरा उतरलेला, पण आवाज ठाम होता. "मी सांगितलं होतं. घारपुरेबाईंचा विरोध होता. दोन्ही गोष्टी लिहून घ्या." त्या दिवसापासून मी त्यांच्यावरचा राग सोडला.

धोंडबा पुन्हा कामावर रुजू झाले. माझी जागा मला परत मिळाली. प्रमोदिनीबाईंनी त्याहून मोठे काम केले. वाचणारा प्रोग्रॅम आता प्रिंटरसाठी अडून बसत नसे. अक्षरे आधी डिस्कवर उतरवी, मग सावकाश छापी. आणि मला तोंड मिळाले! तीन चतुर्थांश भरलो की कारभारी तारेवरून 'थांबा' अशी खूण पाठवी. केंद्रावर दिवा लागे, इकडे आमच्या खोलीत घंटा वाजे. रिकामा झालो की 'येऊ द्या'.

दिवाळीनंतर धोंडबा नागपूरला आले तेव्हा बाईंनी मशीन बंद करून कपाट उघडले आणि मला दाखवले. ते वाकून बघत राहिले.

"इतकुसा हाय काय हा!" मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "आता भरला का सांगत जाय गा. लाजू नको."

पुढच्या वर्षी मोठा बोर्ड आला आणि मला फळीवर ठेवले. एका कारकुनाने माझ्यावर 'निकामी' अशी चिठ्ठी डकवली. प्रमोदिनीबाईंनी ती काढून 'चालू' अशी नवी लावली. धूळ बसते, बसू दे. मी बाद झालेलो नाही.

मित्रांनो, दुसऱ्याचे सांभाळून ठेवणाऱ्याला कधी रिकामटेकडा समजू नका. त्याची जागा कापायची असेल तर आधी त्याला विचारा. आणि कुणी कळवळून सांगत असेल की मी पाठवले होते, तर त्याला खोटा ठरवण्यापूर्वी, आपल्या दाराशी ते ठेवून घ्यायला जागा होती का, ते पेन्सिल घेऊन मोजून बघा.